बाह्य ड्राइव्ह सुरक्षितपणे काढणे

पेनड्राइव्ह, बाह्य हार्डडिस्क, एसएसडी किंवा मेमरी कार्ड ओढून काढण्याआधी संगणकाला तसे सांगणे आणि त्याचा होकार येईपर्यंत थांबणे, अशी ही कृती. रोजच्या बोलण्यात तिला 'इजेक्ट करणे' म्हणतात. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या डीटीपीच्या दुकानांपासून शिवाजी उद्यमनगरातल्या मशीनशॉपपर्यंत एकच पेनड्राइव्ह दिवसभर वेगवेगळ्या संगणकांना लागतो आणि निघतो. घरच्या संगणकावर एखाद्या वेळी निभावून जाणारी घाई अशा ठिकाणी महागात पडते, कारण समोरच्या संगणकाची सेटिंग काय आहे आणि त्यावर आणखी काय काय चालू आहे, हे पेनड्राइव्हवाल्याला ठाऊक नसते.

फाइल कॉपी होतानाची पट्टी शंभर टक्क्यांवर पोचली म्हणजे मजकूर ड्राइव्हवर उतरला, हा समज सर्वत्र आहे आणि तो चुकीचा आहे. रॅमच्या, म्हणजे संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीच्या, मानाने पेनड्राइव्ह फार सावकाश लिहितो. म्हणून संगणक मजकूर आधी रॅममध्ये घेतो, प्रोग्रामला 'झाले' असे कळवतो आणि प्रत्यक्ष लिहिणे मागाहून उरकतो. याला राइट कॅश म्हणतात. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर हे डोळ्यांनी दिसते. मोठा व्हिडिओ काही क्षणांत कॉपी झालेला दिसतो, पण इजेक्ट दाबल्यावर चक्र बराच वेळ फिरत राहते. खरे लिहिणे त्या वेळात चाललेले असते. लिनक्सच्या मूळ सेटिंगनुसार बदललेला मजकूर ३० सेकंदांपर्यंत रॅममध्येच राहू शकतो. इजेक्टमुळे हा सगळा साठा ड्राइव्हवर उतरवला जातो, उघड्या फाइल आहेत का ते पाहिले जाते आणि मगच ड्राइव्ह मोकळा होतो.

विंडोजमध्ये बाह्य ड्राइव्हसाठी दोन धोरणे असतात. एकात वेगासाठी राइट कॅश चालू राहते, दुसऱ्यात ती बंद ठेवून ड्राइव्ह चटकन काढता येईल अशी सोय केलेली असते. २०१८ साली आलेल्या विंडोज १० च्या १८०९ या आवृत्तीपासून दुसरे धोरण आपोआप लागू झाले. 'आता इजेक्टची गरज उरली नाही' हे वाक्य तिथूनच पसरले. ते अर्धेच खरे आहे. हे धोरण फक्त मागे राहिलेल्या मजकुराची काळजी घेते. एखादा प्रोग्राम त्याच क्षणी फाइल सेव्ह करत असेल, तर ती तुटणारच. शिवाय जुन्या विंडोजवर किंवा कोणी मुद्दाम सेटिंग बदललेल्या संगणकावर हा भरवसाही नाही. इजेक्टला दोन सेकंद लागतात. ती द्यावीत, हेच शहाणपणाचे.

नुकसान किती होईल, हे फाइल सिस्टिमवर, म्हणजे ड्राइव्हवर फाइल मांडून ठेवण्याच्या पद्धतीवरही अवलंबून असते. पेनड्राइव्ह आणि कार्डांवर बहुधा फॅट३२ किंवा एक्सफॅट असते. लग्नाचे शूटिंग करणाऱ्यांची ३२ जीबीहून मोठी एसडी कार्डे तर एक्सफॅटवरच येतात. फॅट३२ मध्ये ४ जीबीहून मोठी फाइल बसत नाही. या दोन्ही पद्धतींत जर्नल, म्हणजे करायच्या बदलांची आगाऊ नोंद ठेवण्याची व्यवस्था नाही. फाइल कुठल्या कुठल्या तुकड्यांत आहे याचा तक्ता अर्धवट लिहिला गेला, तर नाव दिसते आणि आकार शून्य, किंवा पूर्ण फोल्डरच गायब होतो. विंडोजची एनटीएफएस, लिनक्सची ईएक्सटी४ यांत जर्नल असते, त्यामुळे ढाचा सहसा वाचतो. मात्र फाइलमधला मजकूर पूर्ण असेलच असे नाही.

यूएसबीचा मोठा, चपटा प्लग उघडून पाहिला तर कडेच्या दोन पट्ट्या मधल्या दोन पट्ट्यांपेक्षा पुढे आलेल्या दिसतात. कडेच्या पट्ट्या विजेच्या, मधल्या डेटाच्या. लावताना वीज आधी जोडली जावी आणि काढताना शेवटी सुटावी, म्हणून ही रचना आहे. चालू संगणकातून कोणी ड्राइव्ह ओढणार, हे गृहीत धरूनच यूएसबी बनवले गेले. पण ही काळजी सर्किटची आहे, फाइलची नाही. पेनड्राइव्हमधली चिप तर कोणता मजकूर कुठल्या कप्प्यात आहे याचा स्वतःचा नकाशा सांभाळते, आणि तो बदलत असताना वीज गेली तर अख्खा पेनड्राइव्ह ओळखला न जाण्याची वेळ येऊ शकते. फिरत्या तबकड्यांच्या हार्डडिस्कबाबत आणखी एक पथ्य: इजेक्टनंतरही तबकडी पूर्ण थांबेपर्यंत ती हलवू नये. हाताला थरथर लागायची बंद झाली की उचलावी.

'डिव्हाइस वापरात आहे' हा संदेश आला की बहुतेकजण वैतागून ड्राइव्ह ओढतात. खरे तर तोच संदेश सर्वांत कामाचा. विद्यापीठाजवळच्या झेरॉक्स सेंटरवर प्रोजेक्टची प्रिंट काढताना वर्डची फाइल थेट पेनड्राइव्हवरून उघडली जाते. वर्ड तिच्या शेजारी एक लपलेली छोटी फाइल तयार करतो आणि बंद होताना ती पुसतो. घरी आल्यावर ती फाइल तशीच सापडली, तर वर्ड बंद न करताच पेनड्राइव्ह काढला गेला, असे समजायला हरकत नाही. कोरलड्रॉ सेव्ह करताना त्याच फोल्डरमध्ये बॅकअप प्रत लिहितो, म्हणजे फ्लेक्सचे डिझाइन पेनड्राइव्हवरच दुरुस्त केले की लिहिणे दुप्पट. फाइल आधी डेस्कटॉपवर घ्यावी, काम तिथेच करावे, शेवटी परत कॉपी करून इजेक्ट करावे. अँटिव्हायरसची तपासणीही ड्राइव्ह धरून ठेवते. नक्की कोणी धरला आहे ते विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये २२५ क्रमांकाच्या नोंदीत नावासह मिळते. लिनक्सवर एलसॉफ ही आज्ञा तेच सांगते. काहीच जमले नाही तर संगणक पूर्ण शटडाउन करून ड्राइव्ह काढावा. स्लीपमध्ये टाकणे हा पर्याय नव्हे.

उद्यमनगर, गोकुळ शिरगाव, कागल इथल्या सीएनसी आणि व्हीएमसी, म्हणजे संगणकाच्या आज्ञांवर धातू कापणाऱ्या मशीनांना प्रोग्राम पेनड्राइव्हवरून देण्याची पद्धत आहे. कंट्रोलरवर इजेक्टची सोय असेल तर ती वापरावी. नसेल तर पडद्यावरची देवघेव संपून ड्राइव्हचा दिवा लुकलुकायचा थांबेपर्यंत हात लावू नये. अर्धवट उतरलेला प्रोग्राम कास्टिंगवर, म्हणजे ओतीव धातूच्या भागावर चालला तर नुकसान फाइलपुरते राहत नाही.

पंचगंगेच्या २०१९ आणि २०२१ च्या पुरांसारख्या प्रसंगी सामान वर हलवण्याच्या धांदलीत हिशेबाची हार्डडिस्क आधी आठवते. संगणक यूपीएसवर तग धरून असेल, तर आधी इजेक्ट, मग शटडाउन, मग वायर. यूपीएसची बॅटरी संपेपर्यंत वाट पाहू नये.

ड्राइव्ह लावल्यावर 'फॉरमॅट करायचे का' असे विचारले गेले तर 'कॅन्सल' दाबावे. मजकूर बहुधा आतच असतो, बिघडलेला असतो तो तक्ता. मोलाचे काही असेल तर त्यावर नवे काही न लिहिता आधी रिकव्हरीच्या सॉफ्टवेअरने फाइल दुसऱ्या डिस्कवर काढून घ्याव्यात. विंडोजची चेकडिस्क ही डिस्क तपासून दुरुस्त करणारी सोय त्यानंतर चालवावी, कारण ती तक्ता जुळवताना सुटे तुकडे 'फाउंड' नावाच्या फोल्डरमध्ये मूळ नावांशिवाय टाकते, आणि मग कुठला तुकडा कशाचा हे ओळखणे अवघड होते.