ओढ्यातले धोंडे रोज सरकत नाहीत

‘पाणी वाहतं, दगड रोज थोडाथोडा सरकतो आणि गोटा होतो,’ हे शाळेपासून ऐकत आलोय. सह्याद्रीत तसं होत नाही. दिवाळीनंतर ओढ्यात उतरून पाहा. घमेल्याएवढ्या धोंड्यावर शेवाळाचा थर असतो. रोज लोळणाऱ्या दगडावर तो टिकेल कसा?

धोंडे हलतात ते पावसाळ्यातल्या मोजक्या तासांत. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला २४ तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस कोसळला. अशा वेळी दरडी थेट ओढ्यात उतरतात, पाणी तांबडं होतं आणि तळातून धोंडे आपटल्याचा गडगडाट येतो. गोलाई मुख्यतः त्या आपटण्यातून येते. शिवाय काही गोटे तर ओढ्यात पडण्याआधीच गोल असतात: जमिनीखाली बेसॉल्ट, म्हणजे सह्याद्रीचा काळा कातळ, झिजताना कांद्यासारखे पापुद्रे सुटून!