एका डोळ्याचं रान दुसरा कसतो तेव्हा

पार्श्वभूमी

शाळेत डोळे तपासणारं पथक येतं तेव्हा एक प्रसंग हमखास घडतो. पोरगं एरवी फळ्यावरचं सगळं वाचत असतं, पण एक डोळा झाकायला सांगितला की तक्त्यावरचं सगळ्यात मोठं अक्षरही त्याला लागत नाही. त्याचं त्यालाच नवल वाटतं, कारण आजवर दोन्ही डोळे उघडे होते आणि काही अडलं नव्हतं. घरी निरोप जातो. उत्तर येतं, ‘लहान आहे अजून, मोठा झाला की बघू.’ सोलापुरात हे उत्तर मराठी, तेलुगू आणि कन्नड अशा तिन्ही भाषांत मिळतं. जरासं चकणं असणं भाग्याचं, असं सांगणारी एखादी आजीही घरात असतेच.

‘मोठा झाला की बघू’ म्हणण्यात नेमकी चूक काय, हे शास्त्राला कळायला पावणेतीनशे वर्षं गेली.

सुरुवात एका प्रश्नानं झाली. डब्लिनचे विल्यम मॉलिन्यू यांनी १६८८ साली तत्त्वज्ञ जॉन लॉक यांना पत्र लिहिलं. मॉलिन्यू यांची पत्नी दृष्टी गमावून बसली होती, त्यामुळे हा त्यांचा निव्वळ बुद्धीचा खेळ नसावा. त्यांनी विचारलं होतं : जन्मांध माणूस गोळा आणि ठोकळा हातानं चाचपून ओळखतो, उद्या त्याला दृष्टी आली, तर हात न लावता, नुसतं बघून तो ते ओळखेल का? लॉक यांचं उत्तर होतं, नाही. १७२८ साली लंडनचे शल्यविशारद विल्यम चेसेल्डन यांनी एका तेरा-चौदा वर्षांच्या मुलाची हकिकत छापली. फार लहानपणीच दृष्टी गेलेल्या या मुलाचे मोतीबिंदू त्यांनी दूर केले होते. मुलाला दिसू लागलं, पण मांजर कोणतं आणि कुत्रं कोणतं हे कळेना. विचारायची लाज वाटली म्हणून त्यानं मांजर उचललं, हातानं नीट चाचपलं, तिच्याकडे टक लावून पाहिलं आणि पुढच्या वेळी तुला ओळखीन, असं तिला सांगून टाकलं.

त्यातून लोकांनी बोध घेतला तो एवढाच, की बघणं हे शिकावं लागतं आणि सवयीनं जमतं. सवयीला मुदत असते, ही शंका फारशी कुणाच्या मनात आली नाही. १९३२ मध्ये मारियस फॉन सेंडेन यांनी अशा शस्त्रक्रियांच्या जुन्या नोंदी एकत्र केल्या, तेव्हा चित्र उदास निघालं. डोळा निर्दोष होऊनही कित्येकांना चेहरे किंवा आकार धड ओळखता येत नव्हते. मग बिघाड डोळ्यात नसेल तर कुठे?

इथे सोलापूरच्या पूर्व भागातला, नक्षी विणणारा जेकॉर्डचा माग आठवावा. चादरीवरचा मोर आधी आलेखाच्या कागदावर चौकटी भरून काढतात, मग तो भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवर उतरतो. पुठ्ठे मागावर चढले की मोर ठरला. विणकर कोण आणि बाहेर ऊन की पाऊस, यानं त्याची मान वळत नाही. मेंदूतल्या जोडण्याही अशाच आधी ठरलेल्या असतात, असं मानायला सबळ पुरावा होता. रॉजर स्पेरी यांनी १९४०च्या दशकात बेडकाचा डोळा उलटा फिरवून बसवला आणि डोळ्याची नस कापून ती पुन्हा वाढू दिली. धागे आपापल्या जुन्याच जागी जाऊन जुळले. माशी वर असली की बेडूक जीभ खाली मारायचा, आणि अनुभवानं तो कधीच सुधारला नाही. याउलट कॅनडातले डोनाल्ड हेब १९४९ साली मांडत होते, की एक चेतापेशी दुसरीला पेटवायला वारंवार हातभार लावत असेल तर त्यांच्यातली जोडणी घट्ट होते. म्हणजे वापरानं वीण बदलते.

निकाल लागला तो पुन्हा मांजरावरच. १९५८ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात, स्टीफन कफलर यांच्या प्रयोगशाळेत, डेव्हिड ह्युबेल आणि टॉर्स्टन वीझल एकत्र आले. मांजराच्या मेंदूतल्या दृष्टिकेंद्रातली एकेक पेशी ते तारेनं ऐकत होते आणि तिला काचेच्या पट्टीवरचे ठिपके दाखवत होते. पेशी ढिम्म. एकदा पट्टी सरकवताना काचेच्या कडेची पुसट सावली पडद्यावरून गेली आणि पेशी एकदम कडकडली. ठिपका तिला नकोच होता, तिला विशिष्ट कोनातली रेघ हवी होती.

मग हार्वर्डला गेल्यावर त्यांनी मांजराच्या पिल्लाची एक पापणी शिवली, दोन-तीन महिन्यांनी उघडली आणि पुन्हा पेशी ऐकल्या. १९६३ मध्ये निष्कर्ष छापले. डोळा शाबूत, दृष्टिपटल शाबूत, पण मेंदूच्या दृष्टिकेंद्रात त्या डोळ्याचं ऐकणारं जवळजवळ कुणी उरलं नव्हतं. पेशी मेल्या नव्हत्या, त्या दुसऱ्या डोळ्याच्या झाल्या होत्या. मोठ्या मांजराचा डोळा तसाच बंद ठेवला, तर काहीच बिघडलं नाही. १९७० पर्यंत त्यांनी मुदतही काढली : पिल्लाच्या चौथ्या आठवड्यात हा धोका अचानक सुरू होतो, सहाव्या ते आठव्या आठवड्यापर्यंत चढा राहतो आणि तिसऱ्या महिन्याअखेर संपतो. ऐन भरात तीन-चार दिवसांची झाकणसुद्धा पुरे होते. (हे वाचताना पोटात कालवतं, ते स्वाभाविक आहे. अशा प्रयोगांवर पुढे कडवे वाद झाले. पण जन्मजात मोतीबिंदू महिन्यांच्या, कधी आठवड्यांच्या वयात काढायची घाई आज केली जाते, तिचं मूळ याच पिल्लांपाशी आहे.)

मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो १९६५ चा प्रयोग, आणि लोकप्रिय लिखाणात तोच गाळला जातो. दोन्ही डोळे बंद ठेवले तर नुकसान दुप्पट व्हायला हवं ना? झालं नाही. बऱ्याच पेशी अजूनही दोन्ही डोळ्यांना उत्तर देत होत्या. म्हणजे नुसत्या न वापरण्यानं जागा जात नाही. शेतकऱ्याला हे चटकन कळेल. एक रान पडीक राहिलं आणि शेजारचा जोमानं कसत असला की बांध कोरला जातो. दोन्ही पडीक राहिली तर बांध बराचसा जागच्या जागी. त्याच वर्षी त्यांनी पिल्लांच्या डोळ्याचा एक स्नायू कापून तिरळेपणा आणला. दोन्ही डोळ्यांना छान दिसत होतं, फक्त दोघांना एकाच वेळी तीच गोष्ट दिसत नव्हती. एरवी सुमारे ८० टक्के पेशी दोन्ही डोळ्यांचं ऐकतात, इथे त्या २० टक्क्यांवर आल्या. भाग्याच्या चकणेपणाचा हिशोब हा असा आहे.

१९८१ चं नोबेल ह्युबेल आणि वीझल यांना मिळालं, आणि अर्धा वाटा, दुसऱ्याच कामासाठी, स्पेरींना. पुठ्ठेवाला आणि वापरवाले एकाच व्यासपीठावर.

पुढची तीस वर्षं तपशिलाची. पीटर हटनलोकर यांनी मानवी दृष्टिकेंद्रातल्या जोडण्या मोजल्या : त्या साधारण आठव्या महिन्यात सर्वाधिक असतात आणि अकराव्या वर्षापर्यंत सुमारे ४० टक्के गळतात. १९९१ मध्ये कार्ला शॅट्झ आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की डोळे उघडण्याआधीच दृष्टिपटलावर आपोआप लाटा उठतात. अंधारातच ताणा चढवणं सुरू असतं, बाणा मागाहून. १९९३ मध्ये अँतोनिनी आणि स्ट्रायकर यांनी झाकलेल्या डोळ्याकडून आलेल्या तंतूंच्या फांद्या काही दिवसांत झडलेल्या प्रत्यक्ष पाहिल्या.

मॉलिन्यूंच्या प्रश्नाला उत्तर मिळालं ते भारतात. पवन सिन्हा यांच्या ‘प्रोजेक्ट प्रकाश’मध्ये उशिरा शस्त्रक्रिया झालेल्या ८ ते १७ वयाच्या पाच मुलांना हातानं चाचपलेली वस्तू नजरेनं ओळखायला सांगितलं. २०११ मध्ये छापलेलं उत्तर : लगेच जमत नाही. लॉक बरोबर होते. मात्र काही दिवसांतच ती मुलं सुधारू लागली. म्हणजे मुदत संपली की दार खाडकन बंद होत नाही, ते हळूहळू ओढलं जातं. ‘लेझी आय’ (मेंदूनं ऐकणं सोडल्यामुळे एका डोळ्याची नजर मंद राहणं) असलेल्या ७ ते १२ वर्षांच्या मुलांतही उपचारानं सुमारे निम्म्यांची नजर सुधारते, असं २००५ च्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात दिसलं. तीच मेहनत चौथ्या-पाचव्या वर्षी अधिक फळते.

उपाय मात्र कारणापेक्षा जुना आहे. चांगला डोळा झाकावा, हे फ्रान्सच्या ब्युफाँ यांनी १७४३ सालीच सुचवलं होतं; जोमानं कसणाऱ्याला रोज थोडा वेळ रानाबाहेर ठेवायचं. मध्यम दोषात दोन तास झाकणं सहा तासांइतकंच काम करतं, हे २००३ मध्ये कळलं. आधी योग्य चष्मा, मग पट्टी, हा क्रम डॉक्टर ठरवतात.

२०१३ मध्ये पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासणी ठरलेली आहे. सोलापूरच्या शाळेत तक्त्यापुढे उभं राहिलेलं पोर सहा-सात वर्षांचं असतं. अंगणवाडीतल्याला अक्षरं येत नाहीत, पण त्याचीही एक साधी खूण आहे. खेळता खेळता आधी एक डोळा झाकायचा, मग दुसरा. एका बाजूला निमूट खेळत राहिलं आणि दुसरा डोळा झाकताच हात झटकून रडायला लागलं, तर ज्या डोळ्यावरून हात झटकला त्याच्या शेजारचा दाखवून आणायचा.