हेज स्कूल आणि नॅशनल स्कूल: आयर्लंडच्या खेड्यातले दोन मास्तर

आयर्लंडच्या खेड्यांतल्या जुन्या शाळांविषयी वाचताना हेज स्कूल आणि नॅशनल स्कूल हमखास एकमेकांत मिसळतात. दोन्हीकडे एकच खोली, एकच मास्तर, आणि हिवाळ्यात शेगडीसाठी काखेत पीटची, म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेल्या जळणाची, ढेप घेऊन येणारी अनवाणी मुलं. फरक शोधायचा तर मास्तर कोणाला बांधील होता ते पाहावं.

हेज स्कूलचा मास्तर आईबापांना बांधील. १६९५ च्या कायद्याने कॅथलिकांना शाळा चालवायला मनाई झाली, तेव्हा शेताच्या झुडपी कुंपणाआड, म्हणजे 'हेज'आड, उन्हाच्या बाजूला मुलं जमू लागली. १७८२ पासून मनाई सैल झाली, नाव मात्र चिकटलं. पुढे याच शाळा गोठ्यात नाहीतर मातीच्या खोपटात उघडपणे भरत, म्हणून हेज स्कूल म्हणजे कायम चोरून चालणारा वर्ग, ही समजूत सोडून द्यावी. १८२० च्या दशकातल्या सरकारी चौकशीत अशा फी घेणाऱ्या शाळा सुमारे ९ हजार निघाल्या. फी तिमाहीची, वाचन, लेखन, हिशेब यांचे दर वेगवेगळे. रोकड नसेल तर लोणी किंवा जळण चाले. मास्तर पुष्कळदा विद्यार्थ्यांच्याच घरी आळीपाळीने मुक्काम करी, गावाची पत्रं लिही, जमीन मोजून देई. क्रमिक पुस्तक ठरलेलं नसे. एका पोराच्या हातात धर्माची प्रश्नोत्तरं, शेजारच्याच्या हातात दरोडेखोराची कहाणी, आणि मास्तर एकेकाला जवळ बोलावून धडा ऐके. काही मास्तर यथातथाच होते, पण काही खरे विद्वान. केरी परगण्याचा कवी ओवेन रुआ ओ'सुलिव्हान शाळाही चालवी आणि शेतमजुरीलाही जाई.

नॅशनल स्कूल आली १८३१ मध्ये, आयर्लंडचे मुख्य सचिव एडवर्ड स्टॅन्ली यांच्या पत्रातून. पगार डब्लिनच्या सरकारी शिक्षण मंडळाकडून, पुस्तकं मंडळाची, हजेरीपट तपासायला निरीक्षक. नेमणूक आणि बडतर्फी मात्र स्थानिक व्यवस्थापकाच्या हाती, आणि तो बहुधा पाद्रीच असे. सगळ्या पंथांची मुलं एकत्र शिकावीत हा मूळ हेतू होता. चर्चच्या ओढाताणीत तो फारसा टिकला नाही.

खरा वाद आहे आयरिश भाषेचा, ती नॅशनल स्कूलने मारली का याचा. मुलाच्या गळ्यात काठी अडकवायची, आयरिश शब्द तोंडातून निघाला की तिच्यावर खाच पाडायची, आणि संध्याकाळी खाचा मोजून मार द्यायचा, या आठवणी ऐकताना आजही पोटात कालवतं. पण सगळं खापर नॅशनल स्कूलवर फोडणं मला अन्याय्य वाटतं. कोर्ट, बाजार, परदेशातली नोकरी, सगळीकडे इंग्रजी लागे. ती शिकवावी म्हणूनच आईबाप हेज स्कूलच्या मास्तरालाही पैसे मोजत होते. मात्र तो मास्तर अडलं तिथे आयरिशमधून समजावू शके. नव्या शाळेत आयरिशभाषक मुलांसमोर आयरिश न येणारा शिक्षकही उभा राही. निरीक्षक पॅट्रिक कीनन यांनी १८५० च्या दशकातच याविरुद्ध लिहिलं, तरी द्वैभाषिक अभ्यासक्रमाला १९०४ साल उजाडलं.

१९३७ ते १९३९ मध्ये शाळकरी मुलांनी घरातल्या म्हाताऱ्यांकडून लोककथा आणि आठवणी लिहून घेतल्या. त्यांत 'जुना मास्तर' भेटला की आधी पैशाचा उल्लेख शोधावा. तो घरोघरी राहत असेल, तिमाही घेत असेल, तर हेज स्कूल. निरीक्षकाच्या भेटीची धास्ती असेल, तर नॅशनल.