डेटा उडाला तर आमचा पहिला प्रश्न: किती वाजता?

आमच्याकडे डेटाबेस सांभाळायला दिलेल्या सगळ्या ग्राहकांसाठी हे पत्रक आहे. नवीन असाल तर पूर्ण वाचा, जुने असाल तर निदान शेवटचा भाग वाचा, कारण गडबडीत चुका तिथेच होतात.

होतं असं की कोणीतरी घाबरून फोन करतं, टेबल रिकामं झालंय म्हणून, आणि आम्ही विचारतो किती वाजता झालं, की समोरचा वैतागतो, इथे आग लागलीय आणि हे लोक घड्याळ काय विचारतायत. पण डेटा परत आणायचं अख्खं काम त्या एका उत्तरावर उभं असतं.

रात्रीचा बॅकअप, आणि दिवसभराचं काय?

समजा बॅकअप रोज रात्री 2 ला होतो आणि दुपारी 4 ला डिस्क गेली, म्हणजे 14 तासांचं काम गेलं. हे गणित साधं आहे पण बहुतेकांनी ते कधी मांडलेलंच नसतं. म्हणून काम सुरू करतानाच आम्ही दोन गोष्टी विचारतो, किती वेळाचा डेटा गेला तर चालेल आणि किती वेळ सिस्टिम बंद राहिली तर चालेल. दोन्हीला उत्तर येतं "शून्य". मग खर्च सांगितला की शून्याचे 15 मिनिटं होतात, त्यात लाजण्यासारखं काही नाही, खरा आकडा कळला हे महत्त्वाचं.

15 मिनिटांवर यायचं तर नुसता रात्रीचा डंप (सगळा डेटा एका फाइलमध्ये काढलेली कॉपी) पुरत नाही. पोस्टग्रेस हा डेटाबेस कुठलाही बदल टेबलच्या फायलीत टाकायच्या आधी वॉल नावाच्या लॉगमध्ये लिहितो, त्याचे साधारण 16 एमबीचे तुकडे असतात. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसमध्ये बदलांची अशी नोंद बिनलॉगमध्ये मिळते. हे तुकडे आम्ही सतत दुसऱ्या मशीनवर नेऊन ठेवतो, आणि वेळ आली की आधी पूर्ण कॉपी लावायची, मग तिच्यावर लॉग पुन्हा चालवत आणायचे आणि चूक झाली त्याच्या जरा आधी थांबायचं. चुकीचा अपडेट 11:40 ला चालला असेल तर 11:39 ला थांबू. वेळच माहीत नसेल तर थांबायचं कुठे?

यात दोन खाचखळगे आहेत. एक म्हणजे साखळीतला एक जरी तुकडा हरवला तरी त्याच्या पुढे जाता येत नाही, त्याच्या नंतरचे शंभर असोत की हजार. मायएसक्यूएल 8.0 मध्ये बिनलॉग आपोआप 30 दिवस राहतात पण कोणीतरी डिस्क वाचवायला ते 1 दिवसावर आणतं, पूर्ण बॅकअप मात्र आठवड्यातून एकदाच, मग मधले दिवस कुठून आणणार. दुसरं, कमी वापराच्या डेटाबेसमध्ये 16 एमबी भरायलाच कित्येक तास जातात आणि तोपर्यंत तो तुकडा बाहेर जातच नाही, त्यामुळे तिथे ठरलेल्या वेळेला तुकडा बंद करून पाठवायची सेटिंग आम्ही मुद्दाम लावतो. ती नसेल तर 15 मिनिटांचं बोलणं फक्त कागदावर.

"आमच्याकडे रेप्लिका आहे की"

हे वाक्य आम्ही इतक्यांदा ऐकलंय! रेप्लिका, म्हणजे मेन सर्व्हरवरचे बदल मागोमाग उतरवून घेणारा दुसरा सर्व्हर, ही चांगलीच गोष्ट आहे, मेन सर्व्हर मेला तर तिच्यावर काम पुढे चालू ठेवता येतं, जड रिपोर्ट तिकडे चालवता येतात. पण ती बॅकअप नाही. तुम्ही वेअर (कुठल्या नोंदी ते सांगणारी अट) न लावता डिलीट मारलं तर ते डिलीटसुद्धा ती इमानदारीने उतरवून घेते, आणि बहुतेक वेळा तुम्ही कपाळावर हात मारायच्या आत.

ज्यांना माणसांच्या चुकांचीच जास्त भीती आहे त्यांना आम्ही एक जास्तीची रेप्लिका मुद्दाम 1 तास मागे ठेवून देतो. पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएल दोन्हीत ही सोय आहे. मात्र त्या तासाभरात तुम्ही आम्हाला कळवायला हवं, संध्याकाळी सांगून उपयोग नाही.

सिंक ठेवायचं की असिंक हा प्रश्न पण येतो. असिंकमध्ये मेन सर्व्हर अचानक गेला तर शेवटच्या काही नोंदी तिकडे पोचलेल्याच नसू शकतात. सिंकमध्ये तसं होत नाही पण प्रत्येक सेव्हला दुसऱ्या बाजूच्या होकाराची वाट बघावी लागते, आणि सिंकला एकच रेप्लिका ठेवली आणि ती बंद पडली तर मेनवरचं लिहिणंही अडकतं. आम्ही सहसा असिंक ठेवतो आणि ती किती सेकंद मागे आहे यावर डोळा ठेवतो.

परत लावून बघितल्याशिवाय आम्ही त्याला बॅकअप म्हणत नाही

गिटलॅब या प्रोग्रामरांचा कोड साठवणाऱ्या कंपनीची 2017 ची गोष्ट या धंद्यातल्या बऱ्याच जणांना माहीत आहे, त्यांनीच ती सगळी उघड सांगितली होती. 31 जानेवारीच्या रात्री रेप्लिका मागे पडत होती, ती नव्याने उभी करायच्या धडपडीत डेटाचं फोल्डर रेप्लिकाऐवजी मेन सर्व्हरवरच डिलीट झालं, थांबवेपर्यंत सुमारे 300 जीबी गेले. मग बॅकअप शोधायला गेले तर रोजचा डंप होतच नव्हता, कारण डंप घेणारं टूल 9.2 व्हर्जनचं आणि डेटाबेस 9.6, आणि ते फेल झाल्याचे ईमेल समोरचा मेल सर्व्हर नाकारत होता. वाचले ते कोणीतरी साधारण 6 तास आधी हाताने स्नॅपशॉट (त्या क्षणाची कॉपी) घेतला होता म्हणून. तरी त्या सुमारे 6 तासांचा डेटा गेलाच. आम्ही यातून घेतलेली गोष्ट म्हणजे चुकीचं फोल्डर उडवणं कोणाच्याही हातून होऊ शकतं, पण बॅकअप होत नाहीये हे कोणालाच माहीत नसणं हे जास्त भयंकर.

आमच्याही बाबतीत छोट्या प्रमाणात हे झालंय. आमच्या एका जुन्या स्क्रिप्टमध्ये डंप घेऊन लगेच झिप करायची एकच ओळ होती, डंप मधेच तुटला तरी झिप नीट पूर्ण व्हायचं आणि सिस्टिमला दिसायचं सगळं ओके. फाइल रोज तयार होत होती, फक्त अर्धी. आता आम्ही डंपचा निकाल वेगळा तपासतो, फाइलच्या शेवटी डंप पूर्ण झाल्याची ओळ आहे का बघतो, आणि साइज कालच्यापेक्षा अचानक कमी झाली तर माणूस जाऊन बघतो.

शिवाय महिन्यातून एकदा प्रत्येक ग्राहकाचा बॅकअप वेगळ्या मशीनवर खरंच लावून पाहतो, शेवटची नोंद किती वाजताची आहे ते बघतो आणि एकूण किती वेळ लागला ते लिहून ठेवतो. तो वेळ तुम्हाला रिपोर्टमध्ये दिसतो, तो नक्की वाचा, कारण डेटा वाढला की तोही वाढतो. पोस्टग्रेसच्या एका डेटाबेसचा साधा डंप घेतला तर त्यात युजर आणि पासवर्ड येत नाहीत, ते वेगळे घ्यावे लागतात, ही गोष्ट असं लावून बघितल्यावरच लोकांच्या लक्षात येते.

आणि एक कॉपी अशा ठिकाणी असते जिथे तुमच्या सर्व्हरला लिहायची परवानगीच नाही, तिथलं मशीन स्वतः येऊन फाइल ओढून नेतं. सर्व्हर कोणी हॅक केला तरी त्याला ती कॉपी पुसता येत नाही.

मॉनिटरिंग

डिस्क, कनेक्शन, स्लो क्वेरी, रेप्लिका किती मागे, हे सगळं बघतोच. पण आमच्या मते सगळ्यात कामाचा अलार्म वेगळाच आहे: शेवटचा चांगला बॅकअप किती तासांपूर्वीचा. तो उलटा लावलाय, म्हणजे बॅकअप फेल झाला की मेसेज येतो असं नाही, तर झाल्याचा मेसेज ठरलेल्या वेळेत आला नाही की आमचा फोन वाजतो. फेल झाल्याचा मेसेज स्वतःच हरवला तर काय होतं ते वर वाचलंच.

डिस्क भरण्याबद्दल एक कळकळीची विनंती. पोस्टग्रेसमध्ये कधी कधी बंद पडलेल्या रेप्लिकासाठी स्लॉट (तिला लागणारे तुकडे राखून ठेवायची नोंद) तसाच राहून जातो आणि तिच्यासाठी सर्व्हर वॉलचे तुकडे साठवत बसतो, डिस्क भरेपर्यंत. अशा वेळी कोणीतरी मदत म्हणून ते फोल्डर रिकामं करतं. करू नका! जुन्या व्हर्जनमध्ये त्या फोल्डरच्या नावात लॉग हा शब्द होता आणि साधे लॉग समजून लोक ते उडवायचे, शेवटी 2017 मध्ये 10 व्या व्हर्जनला नावच बदललं. त्या फायली गेल्या तर डेटाबेस उभाच राहणार नाही असं होऊ शकतं. जागा हवी असेल तर आम्हाला सांगा, स्लॉट आम्ही काढतो.

गडबड झाली तर तुमच्याकडून काय हवं

आधी वेळ लिहा, तुमच्या घड्याळातली, सर्व्हरचं घड्याळ बहुतेकदा यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) असतं ते आम्ही जुळवून घेऊ. मग ॲप बंद करा म्हणजे नवीन नोंदी पडायच्या थांबतील. सर्व्हर रिस्टार्ट करू नका, आणि चूक दुरुस्त करायला अजून एक क्वेरी चालवू नका, पहिल्या चुकीपेक्षा दुसरी सोडवायला जास्त वेळ लागतो हा आमचा नेहमीचा अनुभव. जुना बॅकअप चालू डेटाबेसवर तर अजिबात चढवू नका, आम्हीसुद्धा आधी बाजूला लावतो आणि हवं तेवढंच टेबल आणतो. कोणी काय चालवलं ते जसंच्या तसं पाठवा, कोणाची चूक हे आम्ही विचारत नाही आणि रिपोर्टमध्ये नावही लिहीत नाही.

नक्की वेळ आठवत नसेल तर अंदाजाला अंदाजच म्हणा. "साडेअकरा ते बाराच्या मधे" हे चालतं, आम्ही आधी साडेअकरापर्यंत आणून बघू आणि तिथून थोडं थोडं पुढे सरकू. पण ठामपणे बारा सांगितलंत आणि चूक 11:40 ची निघाली तर मागे येता येत नाही, पूर्ण कॉपीपासून सगळं परत लावावं लागतं आणि तेवढे तास तुमची सिस्टिम बंदच.