चूक कोणाची? घरगुती अपघातांतील दोषनिश्चितीची पार्श्वभूमी

नागपुरात उन्हाळा तापू लागला की कूलरचा शॉक लागून कोणी दगावल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. पोलिसांनी मर्ग, म्हणजे आकस्मिक मृत्यूची नोंद, दाखल केला, एवढ्यावर बहुतेक बातम्या संपतात. मोहल्ल्यात मात्र निकाल त्याआधीच लागलेला असतो. चालू कूलरमध्ये पाणी कशाला टाकले, पायात चप्पल का नव्हती, लेकराला तिकडे कोणी जाऊ दिले, असे प्रश्न विचारले जातात आणि त्या सगळ्यांचे बोट मृताकडे किंवा त्या वेळी घरात असलेल्या बाईकडे वळते. कूलर कोणी बनवला, त्याच्या पत्र्याला अर्थिंग, म्हणजे गळणारी वीज जमिनीत नेणारी तार, जोडले होते का, घरातले वायरिंग कोणी आणि कधी तपासले होते, हे प्रश्न क्वचितच निघतात. घरातील अपघाताचा दोष सर्वांत जवळच्या माणसावर टाकण्याची ही रीत कशी घडली आणि ती कुठे कुठे मोडली गेली, याचा मागोवा घेणे आवश्यक आहे, कारण एखाद्याचा निष्काळजीपणा ठरला की चौकशी थांबते, आणि थांबलेल्या चौकशीमागे कधी वस्तूचा दोष झाकला जातो, तर कधी सरळसरळ खून.

जुन्या ग्रंथकारांना हा प्रश्न चांगला ठाऊक होता. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात नगराच्या व्यवस्थेविषयीच्या प्रकरणात उन्हाळ्यात दिवसाच्या मधल्या भागात विस्तव पेटवण्यावर निर्बंध सांगितले असून स्वयंपाक घराबाहेर करण्याची मुभा दिली आहे. आग लागली असता विझवायला न धावणाऱ्या घरमालकाला १२ पण (पण हे त्या काळचे नाणे) आणि भाडेकरूला ६ पण दंड आहे. निष्काळजीपणाने आग लागली तर दंड ५४ पणांचा आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात गाडीच्या अपघाताचा विचार येतो. वेसण तुटणे, जू मोडणे अशा दहा प्रसंगी कोणालाच दंड नाही. गाडीवान अकुशल असल्यामुळे नुकसान झाले तर २०० पणांचा दंड मालकाला आहे, आणि गाडीवान कुशल असूनही चुकला तर दंड त्याला. गाडी घराबाहेरची असली तरी येथे एक महत्त्वाची गोष्ट दिसते. ज्याच्या हातून अपघात घडला त्याच्यापाशी न थांबता, त्याच्या हाती ते काम कोणी दिले, इथपर्यंत विचार गेला होता.

इंग्रजी अमलात १८६० साली भारतीय दंड संहिता आली. कायदेशीर कृत्य योग्य काळजीने करताना, गुन्ह्याचा हेतू नसताना घडलेला अपघात गुन्हा नव्हे, असे तिच्या कलम ८० ने सांगितले आणि सात वर्षांखालील मुलाला कलम ८२ ने दोषमुक्त ठेवले. हयगयीने किंवा बेदरकारपणे मृत्यू घडवण्याचे कलम ३०४-अ मात्र मूळ संहितेत नव्हते. ते १८७० साली घातले गेले आणि त्याला जास्तीत जास्त दोन वर्षांची कैद होती. आज त्याची जागा भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ ने घेतली असून शिक्षा पाच वर्षांपर्यंत वाढली आहे. या कलमाचा अर्थ लावताना मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती सर लॉरेन्स जेन्किन्स यांनी १९०२ साली असे म्हटले की आरोपीचे कृत्य हे मृत्यूचे थेट आणि निकटचे कारण असले पाहिजे. ते नसते तर मृत्यू झाला नसता, एवढे पुरेसे नाही. १९६५ साली सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतील एका रंगाच्या कारखान्यातील आगीच्या खटल्यात हीच कसोटी लावली. जळत्या बर्नरच्या खोलीतच टर्पेंटाइन आणि वॉर्निश साठवले होते, आगीत सात कामगार मेले, पण आगीचे निकटचे कारण एका कामगाराने घाईने टर्पेंटाइन ओतणे हे ठरले. व्यवस्थापक मृत्यूच्या दोषातून सुटला आणि विस्तवाविषयीच्या हयगयीपुरताच दोषी राहिला. एखाद्याला तुरुंगात धाडायचे तर पुरावा इतका काटेकोर हवा, याबद्दल माझे दुमत नाही. अडचण अशी की फौजदारी खटल्यासाठी घडवलेले हे माप आपण घरातल्या प्रत्येक अपघातालाही लावतो, आणि मग निकटचा हात नेहमीच घरच्याच माणसाचा निघतो.

कारखान्याने स्वतःपुरता यातून वेगळा मार्ग काढला, आणि त्याचे एक जुने उदाहरण नागपूरचेच आहे. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल येथे १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. तिने १८८६ मध्ये निवृत्तिवेतनाचा निधी सुरू केला आणि १८९५ पासून कामावर जखमी होणाऱ्यांना भरपाई देण्यास प्रारंभ केला. पुढे १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने हे तत्त्व देशभर लागू केले, आणि मालकाची चूक सिद्ध करण्याचे ओझे कामगाराच्या डोक्यावरून उतरले. त्याच कामगाराच्या घरात, चुलीपाशी भाजलेल्या त्याच्या बायकोसाठी असा कोणताही नियम आला नाही. मिलच्या आत अपघात म्हणजे कामाचा धोका होता. घरी तो तिचा वेंधळेपणा होता.

घरात सर्वांत भयंकर ठरला तो पंपाचा स्टोव्ह. टाकीतल्या राकेलवर हवेचा दाब द्यायचा, बारीक छिद्रातून त्याची वाफ जळत ठेवायची आणि काजळीने छिद्र बुजले की पिन मारायची, अशी त्याची रचना असल्यामुळे वायसर झिजला, सांधा गळू लागला किंवा गरम स्टोव्हमध्ये तेल ओतले गेले तर भडका खरोखरच उडत असे. खऱ्या अपघातांची ही शक्यता सर्वांना माहीत असल्यामुळेच ती सबब म्हणूनही वापरली गेली. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस स्त्री-संघटना रस्त्यावर उतरल्या, तेव्हा त्यांनी साधा प्रश्न विचारला: भडका नेमका नव्या सुनेच्याच अंगावर कसा उडतो? १९८० मध्ये दिल्लीत एक गरोदर विवाहिता जळून मेली. सत्र न्यायालयाने १९८३ मध्ये सासरच्यांना फाशी सुनावली, उच्च न्यायालयाने त्याच वर्षी त्यांना निर्दोष सोडले आणि सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये नवरा व सासू यांना दोषी धरून जन्मठेप दिली. एकाच घरातल्या एकाच आगीविषयी तीन न्यायालयांचे असे तीन निर्णय झाले, यावरून चार भिंतींच्या आत घडलेल्या घटनेचा दोष ठरवणे किती अवघड असते हे ध्यानात यावे.

कायदा बदलला तो याच सुमारास. १९८३ च्या दुरुस्तीने नवरा व सासरच्यांच्या क्रूरतेसाठी कलम ४९८-अ आले, आणि लग्नापासून सात वर्षांच्या आत स्त्रीने आत्महत्या केली किंवा तिचा मृत्यू संशयास्पद असला तर शवविच्छेदन आवश्यक झाले. १९८६ च्या दुरुस्तीने हुंडाबळीचे कलम ३०४-ब आणले आणि ठरावीक परिस्थितीत दोष गृहीत धरण्याची तरतूद पुरावा कायद्यात घातली. श्वासनलिकेत काजळी आहे की नाही, म्हणजे ती जिवंत असताना जळाली की नंतर, टाकीत तेल किती उरले होते, केसांना राकेलचा वास होता का, अशा बारकाव्यांना पंचनाम्यात आता कधी नव्हे इतके महत्त्व आले.

मृत्युपूर्व जबाबाच्या बाबतीत तर देशभराचा नियम नागपूरच्या एका खटल्यातून पक्का झाला. १९५६ मध्ये येथील गिरणी कामगारांच्या वस्तीतील वैमनस्यातून एका तरुणावर हल्ला झाला, त्याने मेयो रुग्णालयात जबाब दिले आणि १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की असा जबाब विश्वासार्ह असेल तर दुसऱ्या पुराव्याच्या आधाराविनाही त्यावर शिक्षा होऊ शकते. तो खटला घरगुती अपघाताचा नव्हता, पण पुढे भाजलेल्या शेकडो स्त्रियांचे म्हणणे न्यायालयात टिकले ते याच नियमावर. स्टोव्हने पेटले असे सासरच्यांसमोर सांगणारी स्त्री ते खोलीबाहेर गेल्यावर वेगळे सांगते, हे सरकारी दवाखान्यातल्या जळित कक्षात काम केलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही. म्हणून डॉक्टरचे प्रमाणपत्र आणि दंडाधिकाऱ्याची उपस्थिती यांचा आग्रह धरला जातो. २००६ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात गळा दाबून मारलेल्या स्त्रीचा मृत्यू सर्पदंशाने झाल्याचे सांगितले गेले होते. घराच्या आत काय घडले याचे स्पष्टीकरण घरात असणाऱ्यांनी दिले पाहिजे, ते खोटे निघाले तर ती त्यांच्याविरुद्धच्या पुराव्याच्या साखळीतील एक कडी ठरते, असे सर्वोच्च न्यायालयाने तेव्हा सांगितले.

दोष माणसाकडून वस्तूकडे वळण्याचा इतिहास याला समांतर चालतो. अमेरिकेत टाकून दिलेल्या फ्रिजमध्ये लपून बसलेली मुले आत गुदमरून मरत, कारण त्या दाराची खिट्टी आतून उघडत नसे. आईबापांना जपण्याचे सल्ले देऊन ते थांबले नाही, तेव्हा १९५६ मध्ये कायदा करून दार आतून उघडता येणे सक्तीचे केले गेले. आपल्याकडे शीतपेयाच्या बाटलीत ठेवलेले राकेल पाणी समजून पिणारी लहान मुले बालरोग विभागांत वर्षानुवर्षे येत राहिली. त्यासाठी आईला बोल लावला गेला, पण रेशनच्या दुकानातून तेल मिळे ते सुटेच, झाकणाच्या सुरक्षित डब्यात नव्हे. माणूस असा दोष का देतो, याचाही अभ्यास झाला आहे. एलेन वॉल्स्टर या मानसशास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये असे दाखवले की चूक तीच असली तरी परिणाम जितका गंभीर, तितकी जबाबदारी लोक अधिक टाकतात. नंतरच्या सगळ्याच प्रयोगांत हा परिणाम तितका ठळक दिसला नाही, तरी लेकरू गमावलेल्या आईभोवती जमलेले नातेवाईक ज्याने पाहिले आहेत, त्याला तो ओळखीचा वाटेल.

आता पुन्हा विजेकडे. १९१० च्या वीज कायद्यापासूनच अपघाताची सूचना देण्याची तरतूद आहे, आणि २००३ च्या कायद्याच्या कलम १६१ नुसार विद्युत निरीक्षकाला अपघाताचे कारण व सुरक्षा नियमांचे पालन यांविषयी चौकशी करून अहवाल देण्यास सांगता येते. १९५६ च्या नियमांनी ग्राहकाच्या जागेत अर्थिंगचे टोक पुरवण्याचे काम पुरवठादारावर टाकले होते. त्या टोकापासून कूलरच्या पत्र्यापर्यंतची तार मात्र घरमालकाची. भाड्याच्या खोलीत ती तार कोणाची, यावरच घोडे अडते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चे कलम १४ जागा सुस्थितीत ठेवण्याचे कर्तव्य घरमालकावर टाकते, पण खोलीतले दोन पिनांचे जुने बोर्ड त्या कर्तव्यात कोणी मोजत नाही.

घराबाहेरच्या तारांबाबत न्यायालयांनी पुष्कळ पुढचे पाऊल टाकले आहे. जबलपूरमध्ये १९९७ साली रस्त्यावर पडलेल्या जिवंत तारेने एका सायकलस्वाराचा जीव घेतला. कोणीतरी वीजचोरीसाठी तार टाकली होती, हा वीज मंडळाचा बचाव सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये नाकारला आणि धोकादायक वस्तूचा व्यवहार करणाऱ्याची जबाबदारी चूक सिद्ध न होताही असते, असे सांगितले. २०१७ मध्ये नागपूरच्या सुगतनगर भागात उच्चदाब वाहिनीच्या धक्क्याने दोन जुळ्या भावांचा मृत्यू झाला, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून जनहित याचिका दाखल करून घेतली आणि विशेष समितीमार्फत शहरातल्या वाहिन्यांलगतच्या बांधकामांची तपासणी करवली. मुले तारेजवळ का गेली, याऐवजी तारेजवळ घर कसे उभे राहिले, हा प्रश्न त्या वेळी अधिकृतपणे विचारला गेला.

कूलरच्या बाबतीत तो प्रश्न अजून तितक्या जोराने विचारला गेलेला नाही. हिवाळाभर कोरडा पडलेला पंप, त्याचे खराब झालेले इन्सुलेशन, लोखंडी टाकी, ओली फरशी आणि अर्थिंग नसलेला प्लग यांच्या संगतीत चूक व्हायला माणसाने काही विशेष करावे लागत नाही. जमिनीकडे गळणारा ३० मिलिअँपिअरचा प्रवाह ओळखून क्षणार्धात वीज तोडणारे उपकरण बाजारात मिळते आणि अशा पाण्याच्या (डेझर्ट) कूलरसाठी भारतीय मानकही आहे, पण शहरातले असंख्य कूलर गल्लीतल्या पत्र्याच्या कारागिराकडे बनतात आणि त्यांच्यावर बनवणाऱ्याचे नावही नसते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने, जो २० जुलै २०२० पासून लागू झाला, उत्पादनाच्या दोषाची जबाबदारी प्रथमच स्वतंत्र प्रकरणात मांडली. उत्पादकाने योग्य वापराची सूचना किंवा धोक्याचा इशारा दिला नाही तर तो जबाबदार ठरू शकतो. वस्तूचा गैरवापर किंवा फेरफार झाला होता, हा त्याचा बचाव राहतो, आणि चालू कूलरमध्ये पाणी टाकल्याचा मुद्दा तिथे पुन्हा उपस्थित होणार हे उघड आहे. मात्र उत्पादक कोण हे कळत नसेल तर कलम ८६ अन्वये विक्रेत्याला जबाबदार धरता येते. ही तक्रार घटनेपासून दोन वर्षांच्या आत ग्राहक आयोगाकडे करावी लागते, आणि त्यासाठी कूलरच्या खरेदीचे बिल, पंचनाम्याची प्रत व विद्युत निरीक्षकाचा अहवाल यांचा उपयोग होतो. यांतले बिल बहुतेक घरांत घेतलेलेच नसते, आणि अहवाल मागता येतो हे मर्ग दाखल झालेल्या कुटुंबाला सहसा कोणी सांगत नाही.