मळीतला केळ्याचा वास आणि दाबाखालचा वायू

सोलापूर जिल्ह्यात साखर कारखान्यांची कमतरता नाही. त्यांच्या डिस्टिलरीत मळी आंबवली की इथेनॉलच्या जोडीने दोन गोष्टी आपसूक मिळतात: भरपूर कार्बन डायऑक्साइड आणि ऊर्ध्वपातनात वेगळं निघणारं, नाकात झोंबणारं फ्यूजेल ऑइल. या तेलात मुख्यतः आयसोअमाइल अल्कोहोल असतं. त्याचा ॲसिटिक ॲसिडशी संयोग झाला की आयसोअमाइल ॲसिटेट हा एस्टर तयार होतो. गोळ्या-चॉकलेटांतला केळ्याचा वास तो हाच.

एस्टर करण्याची जुनी रीत फिशर आणि श्पायर या रसायनशास्त्रज्ञांची, १८९५ची: तीव्र ॲसिड घाला आणि उकळा. बुरशी-यीस्टमधलं लायपेज हे एन्झाइम तेच काम कोमट तापमानात करतं. अडचण एवढीच, की पाण्यात ते उलटं चालतं. एस्टर जोडण्याऐवजी तोडतं. १९८४ मध्ये झॅक्स आणि क्लिबानोव्ह या संशोधकांनी जवळजवळ कोरड्या सेंद्रिय द्रावकात लायपेज चालवून दाखवलं, तेही १०० अंश सेल्सिअसला. पण खाण्याच्या सुगंधात हेक्सेनसारख्या द्रावकाचा अंश कुणाला हवा?

इथे कार्बन डायऑक्साइड कामी आला. ३१ अंशांच्या वर तो कितीही दाबला तरी द्रव होत नाही, हे थॉमस अँड्र्यूज यांनी १८६९ मध्ये मांडलं होतं. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा गिरणीच्या भिंतीवरच्या कार्बन डायऑक्साइडच्या अग्निशामक सिलिंडरमध्ये द्रव उरतच नाही. म्हणजे तापमानाचं काम आपलं ऊनच करून टाकतं! उरतो दाब, साधारण ७४ बारच्या (हवेच्या दाबाच्या सुमारे ७४ पट) पुढचा. त्या अवस्थेत हा वायू तेलकट पदार्थ विरघळवतो आणि व्हॉल्व्ह उघडला की मागमूस न ठेवता निघून जातो. जर्मनीत याच गुणावर कॉफीतलं कॅफीन काढलं गेलं. १९८५च्या सुमारास अशा दाबाखालच्या वायूत एन्झाइमं घालून पाहिली गेली.

लायपेज स्वस्त झालं ते मात्र कपड्यांच्या साबणामुळे. १९८८ मध्ये डिटर्जंटसाठी ते जनुकबदल केलेल्या बुरशीतून मोठ्या प्रमाणावर बनू लागलं. रेझिनच्या (प्लास्टिकसारख्या पदार्थाच्या) मण्यांवर बसवलेलं लायपेज पुन्हा पुन्हा वापरता येतं, पण त्याची किंमत बरीच असते. म्हणून लायपेजच्या साध्या पावडरींवरही प्रयोग झाले.

तरी खोड्या आहेतच. कोरडा वायू एन्झाइमला लागणारं जरासं पाणीही ओढून घेतो. जास्त ॲसिटिक ॲसिडने एन्झाइम मंदावतं, म्हणून त्याऐवजी व्हिनाइल ॲसिटेटसारखा पदार्थ घालतात. आणि शंभर-दीडशे बार पेलणारं पोलादी भांडं काही साबणवाल्यांनी स्वस्त केलेलं नाही.