फिकट दिसलं म्हणजे रॉ नव्हे

'सगळं रॉमध्ये शूट केलंय' असं सांगून हार्डडिस्क हातात दिली जाते आणि आत निघतात एस-लॉग३ या लॉग प्रकारातल्या एमपी४ फायली. वेब सिरीजच्या डीआयमध्ये (शूटनंतर चित्राचे रंग आणि उजेड ठीक करण्याच्या टप्प्यात) हे नेहमीचंच. गोंधळ होतो, कारण दोन्हींचं चित्र मॉनिटरवर सारखंच फिकट, राखाडी दिसतं. पण रॉ हा चित्र तयार होण्याआधीचा कच्चा माल आहे, तर लॉग ही उजेडाच्या पातळ्या आकड्यांत मांडण्याची एक रीत.

बहुतेक कॅमेऱ्यांच्या सेन्सरवर कोडॅकच्या ब्राइस बायर यांची रंगजाळी असते. तिचं पेटंट १९७६ चं. या जाळीमुळे सेन्सरचा प्रत्येक बिंदू एकच रंग मोजतो. निम्मे बिंदू हिरवा, पाव लाल, पाव निळा. प्रत्येक ठिकाणचे उरलेले दोन रंग शेजाऱ्यांवरून हिशेबाने भरायचे असतात, त्याला डीबेयरिंग म्हणतात. रॉ फायलीत हे भरणं बाकी असतं (ब्लॅकमॅजिक रॉसारखे काही प्रकार त्यातला थोडा भाग कॅमेऱ्यातच उरकून घेतात). व्हाइट बॅलन्स, म्हणजे कोणत्या उजेडात पांढरं पांढरं दिसावं हे ठरवणारा आकडा, तिथे फायलीसोबतची नुसती सूचना असते. कॅमेरा चुकून ५६०० ऐवजी ३२०० केल्विनवर राहिला, तरी डीआयमध्ये एक आकडा बदलला की भागतं.

लॉग फायलीत डीबेयरिंग झालेलं असतं, व्हाइट बॅलन्स चित्रात मुरलेला असतो आणि वर कोडेकने (फाइल लहान करणाऱ्या पद्धतीने) सगळं दाबलेलं असतं. टंगस्टनच्या (पिवळसर बल्बच्या) उजेडात ५६०० वर शूट झालेला नारिंगी लॉग शॉट सुधारायला घ्या. निळा चॅनल आधीच अशक्त, त्यात कोडेकने त्याचे बारकावे टाकून दिलेले. तो वर ओढला की सावल्यांत नॉइज आणि चौकोनी डाग उठतात. चेहरा ठीक होतो, भिंत बिघडते.

मग लॉग हवंच कशाला? पातळ्या सरळ प्रमाणात वाटल्या, तर १२ बिटच्या ४०९६ पैकी २०४८ एकट्या सर्वांत उजळ स्टॉपला (दर स्टॉपला उजेड दुप्पट होतो) जातात, १०२४ त्याच्या खालच्याला, आणि सावलीपर्यंत पोचेस्तोवर मोजक्याच उरतात. लॉगचा वक्र हा वाटा बऱ्याच अंशी समान करतो. कल्पना डिजिटल सिनेकॅमेऱ्यांच्या आधीची आहे: फिल्म निगेटिव्ह स्कॅन करताना कोडॅकच्या सिनिऑन पद्धतीत ती १० बिटमध्ये वापरली जायची. सोनीचा एस-लॉग३, ॲरीचा लॉग-सी, पॅनासॉनिकचा व्ही-लॉग ही सगळी त्याच घराण्यातली. पण प्रत्येकाचा वक्र निराळा, त्यामुळे एकाची एलयूटी (रंग बदलण्याचा तयार तक्ता) दुसऱ्याला लावली की कॉन्ट्रास्ट आणि त्वचेचा रंग दोन्ही घसरतात.

गंमत म्हणजे रॉ स्वतः लॉगमध्ये साठवता येतं. ॲरीरॉ १२ बिट लॉगमध्येच साठवलं जायचं. ग्रेडिंगसाठी (रंग ठीक करण्यासाठी) उघडतानाही रॉला बहुधा लॉगचाच वक्र दिला जातो. फिकटपणा येतो तो तिथून.

रॉकडून एक अपेक्षा मात्र चुकीची असते. सेन्सरवर जळालेलं आकाश रॉमध्येही परत येत नाही. जे मोजलंच गेलं नाही ते कुठून आणणार? शिवाय आकार बघा. ४०९६ बाय २१६० चं १२ बिट रॉ, २४ फ्रेमने, न दाबता ठेवलं तर तासाला सुमारे १.१ टेराबाइट होतं. दाबलेलं रॉ बरंच कमी जागा घेतं, पण अनेक भागांची सिरीज आणि दोन कॅमेरे म्हटलं की बॅकअपसकट तेही डोक्यावर बसतं.

माझं मत विचाराल तर संवादप्रधान सिरीजला १० बिट ४:२:२ (रंगाची माहिती निम्मी ठेवणारं) लॉग पुरतं, मात्र दोन्ही कॅमेऱ्यांचा व्हाइट बॅलन्स सीन सुरू होण्याआधी एकाच आकड्यावर बांधलेला हवा. ग्रीन स्क्रीनचे आणि उजेडावर ताबा नसलेले सीन तेवढे रॉमध्ये घ्यावेत. ८ बिट लॉगच्या वाटेला मात्र जाऊ नये. २५६ पातळ्यांत एवढा पसारा कोंबला की ग्रेडमध्ये आकाशाला पट्टे पडतात; त्यापेक्षा नीट उजेड लावून सरळ रेक.७०९ (टीव्हीचं नेहमीचं रंगमानक) मध्ये शूट केलेलं बरं.

आणि फूटेज ट्रान्सकोड करून (दुसऱ्या फॉरमॅटमध्ये बदलून) पाठवत असाल, तर वक्राचं नाव फायलीच्या नावातच लिहा. मेटाडेटा (फायलीसोबतची माहिती) वाटेत अनेकदा गळतो, आणि मग हे एस-लॉग२ की एस-लॉग३, हे कलरिस्टला नुसत्या नजरेने ओळखत बसावं लागतं.